एका बाठ्याची नक्कल

जुलै संपता संपता रत्नागिरी-पावसकडच्या रोपवाटिकांत कोय कलमं बांधायचं काम जोरात असतं. बाहेर पाऊस, मांडवात ओल्या मातीचा आणि गोणपाटाचा वास. मे-जूनमध्ये खाऊन टाकलेल्या रायवळ आंब्यांचे बाठे वाफ्यात रुजत घातलेले असतात. त्यांना दहा-पंधरा दिवसांचे कोंब आलेले असतात. रंग तांबूस, पानं अजून लुसलुशीत, हिरवी व्हायची आहेत. कलम बांधणारा बाठ्यासकट कोंब उपटून डाव्या हातात धरतो, वरचा शेंडा उडवतो आणि उरलेल्या दांड्याला मधोमध चीर देतो. दुसऱ्या बाजूला हापूसच्या काड्यांची जुडी असते. या काड्यांची पानं आठवडाभर आधी झाडावरच छाटून ठेवलेली असतात, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगून तयार राहतो. काडीच्या बुडाला दोन्ही बाजूंनी तिरका काप घेऊन पाचर करायची, चिरेत बसवायची, प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची आणि बाठा पिशवीत लावायचा. एकाला मिनिट-दीड मिनिट. हात बसलेला माणूस दिवसाला शेकड्यांनी बांधतो.

बाठा रायवळ, काडी हापूसची. खाली कोणाची मुळं आहेत याच्याशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नसतं. त्याला हवी असते ती काडी. त्या चार-पाच इंची काडीत गेल्या काही शतकांची एक नक्कल दडलेली आहे, आणि ती कशी टिकली याची कथा गोव्यापासून सुरू होते.

पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क याने १५१० मध्ये गोवा घेतला. त्याच्या नावावरून 'अल्फोन्सो', आणि त्याचं आपल्या तोंडात 'हापूस' झालं, असं शाळेपासून सांगितलं जातं. मला ही व्युत्पत्ती जरा जास्तच ऐटबाज वाटते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात आयुष्य घालवलेल्या निकोलाव मनूची या व्हेनिसच्या माणसाने गोव्यातल्या उत्तम आंब्यांची नावं टिपून ठेवली आहेत, आणि त्यांत 'निकुलाव अफोन्सो' नावाचा आंबा आहे. बाकीच्यांतलीही काही नावं अशीच, माणसांची. म्हणजे हापूस हे एखाद्या गव्हर्नरचं नाव नसून ज्याच्या परसात ते पहिलं झाड उगवलं त्या कुणा साध्या अफोन्सोचं असण्याची शक्यता मला अधिक पटते. परसातल्या झाडाला मालकाचं नाव पडणं आपल्याकडे आजही चालतंच.

पोर्तुगीजांनी आंबा आणला नाही, तो इथलाच. त्यांनी गोव्यात रुजवली ती कलमांची पद्धत. त्याआधी चांगला आंबा मिळाला की लोक बाठा पेरत, आणि आठ-दहा वर्षांनी कपाळाला हात लावत. आपल्याकडच्या बहुतेक आंब्यांच्या बाठ्यात एकच गर्भ असतो आणि त्याचा अर्धा वारसा परक्या झाडाच्या परागाकडून आलेला असतो. आपण खातो तो गर मात्र आईच्याच अंगाचा भाग असतो. हापूसच्या फळात गर हापूस, साल हापूस, पण आतला गर्भ निराळाच जीव. तो पेरला तर रायवळ उगवतो. हापूस हापूसच राहावा तर त्याची फांदीच पुढे न्यावी लागते. त्यासाठी पूर्वी भेटकलम करत. कुंडीतलं रोप झाडाजवळ मचाणावर न्यायचं, जिवंत फांदीला सोलून भिडवायचं, बांधायचं आणि दोन-तीन महिने वाट पाहायची. गोव्यातून हा आंबा किनाऱ्याने वर सरकत वेंगुर्ला, देवगड, रत्नागिरीला पोचला तो अशा कलमांच्या रूपाने.

आजचं प्रत्येक हापूसचं झाड, मग ते रत्नागिरीच्या कातळावरचं असो की गुजरातेतलं, एका बाठ्यातून उगवलेल्या एका झाडाचा तुकडा आहे. त्या बाठ्यात गर्भ धरला तेव्हा आईकडून २० आणि बापाकडून २० अशी ४० गुणसूत्रं एका पेशीत आली. त्यानंतर त्यांत नवी भर पडली नाही. पेशी दुभंगण्यापूर्वी या चाळिसांची हुबेहूब नक्कल झाली, दोन पेशींना दोन संच मिळाले, मग चार, आठ, सोळा. पुढे फांदी, काडी, नवं झाड आणि त्याची पुन्हा काडी.

नक्कल करायचा मजकूर थोडाथोडका नाही. आंब्याच्या एका संचात डीएनएची साधारण ३९ कोटी अक्षरं मोजली गेली आहेत. दोन संचांची मिळून ७८ कोटींच्या वर. डीएनएच्या धाग्यात एका अक्षरजोडीने व्यापलेली लांबी ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे एका पेशीतला धागा सरळ केला तर सव्वीस-सत्तावीस सेंटिमीटर भरतो. एक वीत आणि वर दोन बोटं. हा वीतभर धागा ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढासुद्धा नसतो. माणसाच्या पेशीत तर दोन मीटर धागा असतो. त्या मानाने आंबा काटकसरी.

धागा गुंडाळून ठेवायची युक्ती समजायला नव्वद वर्षं गेली. जर्मनीत आल्ब्रेख्त कोसेलने १८८४ मध्ये पक्ष्याच्या रक्तातून एक प्रथिन वेगळं काढलं आणि त्याला हिस्टोन नाव दिलं. पुढे कित्येक दशकं या हिस्टोनांना गुणसूत्रातलं भरताड समजलं गेलं. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या ओलिन्स दांपत्याने सूक्ष्मदर्शकाखाली माळेतल्या मण्यांसारखी रचना दाखवली आणि त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्गने तिचा अर्थ लावला. आठ हिस्टोन मिळून एक गोळा, आणि त्याभोवती डीएनएचे पावणेदोनला थोडे कमी वेढे, १४७ अक्षरजोड्यांचे. कोकणात सुंभ वळणाऱ्या घरात वाढलेल्याला हे चटकन दिसेल. सुपारीभोवती सुंभाचे दोनेक वेढे, मग जरा मोकळी दोरी, मग पुढची सुपारी. या मण्याला न्यूक्लिओसोम म्हणतात. दोनशेच्या आसपास अक्षरांमागे एक मणी धरला तर हापूसच्या एका पेशीत असे चाळीस लाखांच्या घरात मणी निघतात. ती माळ पुन्हा फासाफासांनी दुमडलेली असते. पेशी दुभंगायच्या वेळी तर ती इतकी आवळली जाते की साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही आखूड काड्यांसारखी दिसते. १८८८ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ वाल्डेयरने 'क्रोमोसोम' नाव दिलं ते या काड्यांना. रंग धरतात म्हणून त्याने त्यांना रंगावरून ओळखलं, आपण मराठीत गुणांवरून ओळखून गुणसूत्र म्हणालो. मला आपलं नाव जास्त नेमकं वाटतं. सूत हा शब्द त्यात आहे.

पण नक्कल करायची तर गुंडाळी सोडावी लागते, आणि सगळी एकदम सोडून चालत नाही. पेशी धाग्यावर हजारो ठिकाणी एकाच वेळी हात घालते. प्रत्येक ठिकाणी दोन पदर सुटे होतात आणि त्या फाट्यातून यंत्रणा दोन्ही दिशांना सरकत जाते. आपल्यासारख्या केंद्रक असलेल्या पेशींत एका फाट्याचा वेग मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरं. आंब्याचं एखादं गुणसूत्र दोन कोटींच्या आसपास अक्षरांचं. एकाच ठिकाणाहून सुरुवात केली असती तर तेवढ्यालाच जवळजवळ तीन दिवस लागले असते. हजारो ठिकाणांमुळे काम काही तासांत उरकतं. दोन पदरांपैकी एकावर नवा धागा सलग भरत जातो. दुसरा पदर उलट दिशेचा असल्यामुळे त्यावर छोटे छोटे तुकडे मागे मागे भरत यावं लागतं आणि मग ते जोडावे लागतात. जपानच्या ओकाझाकी पतिपत्नींनी हे तुकडे १९६८ मध्ये दाखवले. फाटा पुढे गेला की मागे मणी पुन्हा चढतात. जुने हिस्टोन दोन्ही धाग्यांत वाटले जातात, कमी पडतील तिथे नवे बसतात. तयार झालेले दोन जुळे धागे पुढे ओढून वेगळे होईपर्यंत प्रथिनांच्या कड्यांनी एकमेकांशी बांधलेले राहतात.

नव्या धाग्यात जुनं किती आणि नवं किती, हा प्रश्न १९५३ मध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी दुपदरी रचना मांडली तेव्हाच उभा राहिला. त्याचं प्रसिद्ध उत्तर मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये जिवाणूंत दिलं. त्याच्या एक वर्ष आधी जे. हर्बर्ट टेलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बाकल्याच्या मुळांच्या टोकांवर केलेला प्रयोग मात्र पाठ्यपुस्तकांत एका ओळीत उरकला जातो. तो मला जास्त जवळचा वाटतो, कारण तो झाडावरचा आहे आणि गुणसूत्रांवरचा. त्यांनी मुळांना किरणोत्सारी थायमिडीन पाजलं आणि नवा धागा जिथे जिथे बनला तिथे त्याची खूण फोटोच्या पातळ पटलावर उमटवली. पहिल्या नकलेनंतर जुळ्यांतल्या दोन्ही गुणसूत्रांवर खुणा होत्या. खूण नसलेल्या पाण्यात आणखी एक नक्कल झाल्यावर जुळ्यांतल्या एकावर खुणा उरल्या, दुसरं कोरं. म्हणजे प्रत्येक वेळी एक पदर जुना, एक नवा.

हे हापूसला लावून पाहा. त्या पहिल्या गर्भपेशीतले मूळ पदर कधी आणि कुठल्या फांदीत राहून गेले, त्याचा आता माग लागणार नाही. जे झाड विकलं, तोडलं, वाळलं त्याच्यासोबत ते मातीत गेले असणार. पावसच्या मांडवातल्या काडीत त्यांचा एक अणूही नाही. तरी अक्षरं तीच. कलम करणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली ती वस्तू नव्हती, क्रम होता.

इतक्या नकला करताना चुका होत नाहीत का? होतात. दुरुस्ती करणारी यंत्रणा सगळं तपासून झाल्यावर सुमारे अब्ज अक्षरांमागे एखादी चूक राहून जाते. हापूसच्या एका पेशीत पाऊण अब्जाहून जास्त अक्षरं, म्हणजे दर दुभंगण्यामागे एखादी चूक सरासरीने धरायला हवी. बहुतेक चुका निरुपद्रवी जागी पडतात. एखादी शेंड्याच्या पेशीत पडली तर ती पूर्ण फांदीत उतरू शकते. जाणते बागायतदार एका झाडावरच्या एखाद्या फांदीचं फळ निराळं आहे हे ओळखतात आणि काडी घेताना झाड, फांदी पारखून घेतात. 'हापूस तो हापूस' हे म्हणणं खरं आहे, पण त्यात बारीक अक्षरांत सूट आहे. दुसरी भीती टोकांची. प्रत्येक नकलेत धाग्याचं टोक थोडं झिजायला हवं. झाडांच्या वाढत्या शेंड्यांत टेलोमरेज नावाचं विकर ही टोकं भरून काढत राहतं. काडी निवडताना शेंड्याचा फुगलेला डोळा पाहायचा असतो. ज्या ऊतीत ही दुरुस्ती चालू असते नेमकी ती ऊती पुढे नेली जाते, हे कलम बांधणाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं.

नक्कल पुरे, आता नवं काही हवं, असा विचार पुण्यात १९११ च्या सुमारास सुरू झाला. मुंबई इलाख्याच्या शेतकी खात्यातले डब्ल्यू. बर्न्स आणि एस. एच. प्रयाग यांनी आंब्यावर संकर करून पाहिले आणि पुढे आंब्यावर एक सविस्तर पुस्तिकाही लिहिली. आंब्याचा संकर म्हणजे जीव मेटाकुटीला आणणारं काम. एका मोहोरावर हजारो फुलं, त्यांतली बरीचशी नुसती नर, फळ धरेल असं एखादं, आणि धरलेलंही वाऱ्याने गळून जाणार. शिवाय नशिबाचा भाग. एका झाडाची २० जोड्यांतली गुणसूत्रं परागात कशीही वाटली जाऊ शकतात. धाग्यांची आपसातली देवघेव सोडून दिली तरी दहा लाख अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त तऱ्हा होतात. शिवाय प्रत्येक रोपाला फळ यायला वर्षं लागतात. त्या काळात गुणसूत्रं मोजण्याचं कामही सुरू झालं. कलकत्त्याचे एस. के. मुखर्जी यांनी १९५० मध्ये 'नेचर' नियतकालिकात लिहिलं की आंब्याची ४० गुणसूत्रं ही कधी काळी वेगळ्या पूर्वजांचे संच एकत्र येऊन दुणावली असावीत. त्यांच्याजवळ होता सूक्ष्मदर्शक आणि रंगवलेल्या काचपट्ट्या.

दापोलीत १९७२ मध्ये कोकण कृषी विद्यापीठ झालं आणि कामाला वेग आला. विद्यापीठाच्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' निघाला, १९८१ मध्ये तो बाहेर आला. त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग झाले आणि वेंगुर्ला सिंधुदुर्गात गेला, तेव्हा रत्नाचं जन्मगाव कोणत्या जिल्ह्यातलं यावर दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे. रत्ना दरवर्षी धरतो आणि त्याला साका होत नाही. साका म्हणजे काय ते हापूस कापून आत पांढुरकी, आंबूस, फोफशी जागा पाहिलेल्याला सांगायला नको. १९९२ मध्ये रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर करून 'सिंधू' आला, बाठा अगदी नावापुरता. चव दोन्हींची चांगली आहे. तरी बाजार हापूसच मागतो. रत्नाच्या दोन पेट्या भेट दिल्या तर घेणारा आधी विचारतो, हापूस नाही मिळाला का?

नव्या वाणांपेक्षा कोकण पालटलं ते कोय कलमाने. सत्तरच्या दशकात विद्यापीठातल्या आर. टी. गुंजाटे आणि व्ही. पी. लिमये यांनी त्याची सुधारित पद्धत बसवली. आता झाडाखाली कुंड्या, मचाण आणि तीन महिन्यांची वाट नको. ओलावा, कोवळा कोंब, फुगलेला डोळा आणि धारदार चाकू पुरे. नक्कल हवी तितकी आणि स्वस्तात होऊ लागली. कातळावर सुरुंग लावून खड्डे घेऊन केलेल्या ज्या बागा आज दिसतात त्यांच्या मुळाशी हीच पद्धत आहे.

परदेशात जाण्याच्या वाटेवर मात्र नक्कल थांबवण्याची गरज पडली, आंब्याची नव्हे, त्यातल्या किड्याची. बाठ्यात राहणारा कोयकिडा आपल्याकडे येऊ नये म्हणून अमेरिकेने हिंदुस्थानी आंब्याला दारं बंद केली होती. २००७ मध्ये ती उघडली ती एका अटीवर. लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या 'कृषक' प्रकल्पात आंब्याच्या पेट्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली धरल्या जाऊ लागल्या, मात्रा किमान ४०० ग्रे. किरणांनी डीएनएचे धागे तुटतात. किड्याच्या ज्या पेशी अजून दुभंगत असतात त्यांना तुटलेल्या धाग्यांची नक्कल करता येत नाही, वंश तिथेच थांबतो. आंब्याच्या गरातल्या पेशींचं दुभंगणं कधीच संपलेलं असतं, त्यामुळे फळ निवांत पिकतं. अणुशक्ती आणि हापूस यांची गाठ लासलगावच्या कांद्याच्या वखारीत पडावी, ही गोष्ट कोणी कादंबरीत लिहिली असती तर संपादकाने कापली असती.

२०२० मध्ये 'जीनोम बायॉलॉजी' या नियतकालिकात आंब्याच्या पूर्ण डीएनएचा गुणसूत्रवार मजकूर प्रसिद्ध झाला. आपल्याकडे आम्रपाली या वाणावर काम झालेलं होतं, पण हा निबंध चिनी संशोधकांच्या पुढाकाराने आला आणि त्यांनी वाचायला निवडला तो हापूस. एका संचातली ३९ कोटींची मोजदाद त्यातलीच. आंब्याच्या पूर्वजांत कधी काळी पूर्ण संच दुणावला होता, हे त्या मजकुरातून निघालं. मुखर्जींनी काचपट्टीवरून केलेल्या तर्काला सत्तर वर्षांनी असा दुजोरा मिळाला, तोही मराठी माणसाच्या आवडत्या फळातून. आणखी एक गोष्ट निघाली जी प्रत्येक कोकणी मुलाला ओठांवर माहीत असते. चिकातली दाह करणारी द्रव्यं बनवण्याशी जोडलेल्या जनुकांचं एक कुटुंब आंब्यात वाढलेलं आहे आणि त्यातली काही गरापेक्षा सालीत जास्त जोरात चालतात. देठाकडून चीक निथळू न देता आंबा चोखला की ओठ का उलतात, त्याचं अर्धं उत्तर तिथे आहे.

उरलेलं उत्तर गुंडाळीत आहे. साल आणि गर, दोन्हींत चाळीस गुणसूत्रं तीच आणि अक्षरंही तीच. फरक कुठली पानं उघडी आणि कुठली मण्यांभोवती घट्ट मिटलेली, याचा. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसच्या गंधद्रव्यांवर अनेक वर्षं काम केलं आहे आणि कोकणातल्या वेगवेगळ्या ठिकाणच्या फळांच्या वासात फरक मोजलेला आहे. एकच मजकूर, पण जमीन, वारा, ऊन आणि रात्रीची थंडी बदलली की वाचला जातो वेगळा. रत्नागिरीकर आणि देवगडकर यांच्यातलं भांडण त्यामुळे मिटायचं नाही, उलट त्याला शास्त्रीय आधार मिळाला.

३ ऑक्टोबर २०१८ रोजी हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांना. मानांकनाच्या कागदावर जागा आहे, जनुकं नाहीत. आणि नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीच्या बाजारात आफ्रिकेतल्या मलावीहून हापूस येतो, कोकणातल्याच कलमांपासून वाढवलेला म्हणून चढ्या भावाने विकला जातो. त्याच्या पेशीतही तीच चाळीस गुणसूत्रं आहेत.